ही करामत हवेची नव्हे, यीस्टची

वाइनची उघडी बाटली काही दिवस तशीच राहिली, तर आतली वाइन तपकिरी पडते, आंबते आणि शेवटी ओतून द्यावी लागते. मग फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत असलेल्या ज्युरा प्रदेशात, हळूहळू रिकाम्या होत जाणाऱ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे पडून असलेली व्हाइट वाइन बिघडत का नाही? ही वाइन सावान्यँ या फारशा प्रसिद्ध नसलेल्या द्राक्षापासून बनते. तिचे नाव ‘व्हँ जोन’, म्हणजे पिवळी वाइन. चाखणाऱ्यांना तिच्यात अक्रोड, पिकलेले सफरचंद, करी मसाला आणि चक्क मेथी सापडते. या सगळ्याचे श्रेय ते ‘ऑक्सिडेशन’ला देतात, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनला. हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. ही चव घडवते यीस्ट. हवा तिच्यासाठी फक्त कच्चा माल असते आणि त्याच हवेपासून खालच्या वाइनला जपण्याचे कामही यीस्टच करते.

व्हँ जोनचा नियम कडक आहे. द्राक्षतोडीनंतरच्या सहाव्या वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत ती मुरवावी लागते आणि त्यातले किमान ६० महिने तिच्यावर यीस्टचा थर असावा लागतो. पिंपाच्या लाकडातून पाणी आणि अल्कोहोल उडत राहते, तरी घट भरून काढायची नाही. या वाइनची खास बाटलीही म्हणूनच ६२ सेंटिलिटरची, एका लिटरमधून एवढीच उरते असे सांगतात. घटीमुळे वर मोकळी झालेली जागा हवा घेते आणि वाइनवर तापलेल्या दुधावर साय धरावी तसा थर धरतो. हा थर सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच प्रजातीचा. साखर संपल्यावर एरवी या पेशी तळाशी बसतात. इथल्या वाणांत मात्र एफएलओ-११ या जनुकाच्या प्रथिनामुळे पेशींचा पृष्ठभाग पाणी टाळणारा होतो, पेशी एकमेकींना चिकटतात, वायूचे बुडबुडे धरतात आणि तरंगतात. वर येण्यात त्यांचा फायदा आहे. साखर नसताना अल्कोहोलवर जगायचे, तर ऑक्सिजन हवाच आणि तो पृष्ठभागावरच मिळतो. अल्कोहोल वापरताना वाटेत अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते. त्यातले बरेचसे वाइनमध्ये उतरते आणि अक्रोड-सफरचंदाच्या त्या छटांत त्याचा मोठा वाटा असतो.

यावर रसायनाचा जाणकार म्हणेल, अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होणे म्हणजे ऑक्सिडेशनच की! बरोबर आहे. पण उघड्या बाटलीत ऑक्सिजन आधी पॉलिफेनॉलांवर तुटून पडतो. वाइन तपकिरी होते ती त्यामुळे. थराखाली असे फारसे घडत नाही, कारण यीस्ट आपल्या श्वसनासाठी ऑक्सिजन वरच्यावर संपवून टाकते. याचा पुरावा स्पेनमधल्या हेरेथच्या शेरीत मिळतो. तिथे पालोमिनो या एकाच द्राक्षाच्या वाइनला दोन वाटा असतात. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास ठेवले, तर यीस्टचा थर टिकतो आणि फिकट रंगाची ‘फिनो’ तयार होते. ते १७ टक्क्यांवर नेले, तर यीस्ट तग धरत नाही, वाइन खरोखर हवेला सामोरी जाते आणि गडद तपकिरी ‘ओलोरोसो’ होते. द्राक्ष तेच, गाव तेच, फरक फक्त थराचा. प्रयोगशाळेनेही याहून स्वच्छ तुलना मांडली नसती.

मेथीच्या वासामागे सोटोलॉन नावाचा रेणू आहे आणि मराठी वाचकाचे नाक त्याला चांगले ओळखते. मेथीदाण्यांचा ठसठशीत वास त्याचाच. मेथीचे लाडू खाल्ल्यावर घामाला येतो तोही त्याचाच. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असला तरी तो नाकाला कळतो. न्यू यॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून मेपल सिरपचा गूढ वास दरवळायचा. शोध घेता घेता २००९ मध्ये उगम सापडला तो शेजारच्या न्यू जर्सीत, मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात! व्हँ जोनमध्ये हा रेणू अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अल्फा-किटोब्युटिरिक आम्ल यांच्या संयोगातून घडतो. आता आक्षेप असा की, अकाली जुन्या झालेल्या साध्या व्हाइट वाइनमध्येही सोटोलॉन सापडतो आणि तिथे यीस्टचा थर नसतो. खरे आहे. शेवटच्या पायरीला यीस्ट लागतही नाही, ते शुद्ध रसायन आहे. पण त्या पायरीला लागणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड इतक्या मुबलक प्रमाणात, तेही वाइन तपकिरी न करता, पुरवणारे यीस्टच.

मग सावान्यँचे काय? या वाणाचा अभिमान रास्तच आहे. फ्रान्समधल्या ओर्लेयाँ इथे उत्खननात मिळालेल्या मध्ययुगीन द्राक्षबीचा डीएनए २०१९ मध्ये जाहीर झाला, तो आजच्या सावान्यँशी तंतोतंत जुळला. सुमारे ९०० वर्षे हा एकच वाण फक्त कलमांनी चालत आला आहे. हे वाचून थक्क व्हायला होते. पण अक्रोड आणि मेथी त्या डीएनएत नाहीत. ज्युरातच पिंपे वरचेवर भरून, हवेला जागा न ठेवता केलेली सावान्यँही मिळते आणि ती लिंबासारखी तरतरीत, फुलांच्या वासाची असते. ऑस्ट्रेलियात तर अल्बारिन्यो समजून लावलेल्या वेली २००९ मध्ये सावान्यँच्या निघाल्या, तोवर चवीवरून कुणाला मेथी आठवली नव्हती. द्राक्ष देते ते भरपूर आम्ल आणि पुरेसे अल्कोहोल. सहा वर्षे तग धरायला ही शिदोरी मोलाची आहे, पण ती चव नव्हे.

द्राक्ष की यीस्ट, हा वाद ज्युरातच एकदा निकालात निघाला होता आणि निकाल देणारे होते लुई पाश्चर. त्यांचे बालपण ज्युरातल्या आर्ब्वा गावात गेले. क्लोद बेर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये त्यांची टिपणे छापली गेली. यीस्टशिवायही द्राक्षरस आंबतो, असा त्यांचा सूर होता. पाश्चर यांनी वाद केवळ कागदावर घातला नाही. आर्ब्वाजवळच्या स्वतःच्या मळ्यात, द्राक्षे कच्ची असतानाच, त्यांनी वेलींवर काचघरे उभारली, काही घड कापसात गुंडाळले आणि फळ पिकेपर्यंत थांबले. उघड्यावरच्या द्राक्षांचा रस एक-दोन दिवसांत आंबू लागला. झाकलेल्या घडांचा रस मात्र तसाच राहिला. पाश्चर म्हटले की लस आणि दूध आठवते. पण एखादी शंका तपासण्यासाठी मळ्यातच काचघर बांधणारा हा माणूस मला अधिक मोठा वाटतो.

हल्ली ‘निसर्गावर सोपवलेली वाइन’ म्हणून या बाटल्यांचे कौतुक होते, ते मात्र पटत नाही. थर विरळ झाला की व्हिनेगर करणारे जिवाणू टपलेलेच असतात. म्हणून पिंपांतून नमुने काढून बाष्पशील आम्ल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड यांची नियमित तपासणी होते. ज्या पिंपांची लक्षणे ठीक दिसत नाहीत, त्यांतली वाइन सहा वर्षे न थांबता आधीच काढून साधी सावान्यँ म्हणून विकतात किंवा शार्दोनेमध्ये मिसळतात.