सारखी दिसणारी दोन घड्याळं: कोणतं घ्यावं?



दिवाळी झाली की आपल्या मुखेड तालुक्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. भांडी, पीठ, अंथरूण, लेकरं, सगळं ट्रॅक्टरवर चढतं. या सामानात एक बारीक वस्तू आपण बहुतेक विसरतो. ती म्हणजे घड्याळ. आज त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, आता घड्याळ कशाला, फोन आहे की. खरं आहे. पण फोन कुणाच्या खिशात असतो? बहुतेक घरांत मालकाच्या. आणि फडाजवळच्या कोपीत लाईट नसली की तो चार्ज तरी कुठं करायचा? रात्री फोन बंद पडला की त्याच्यासंगं गजरही गेला. आपल्या आज्या कोंबड्याच्या आरवण्यावर आणि शुक्राच्या चांदणीवर उठायच्या. पण शुक्र काही महिने पहाटे दिसतो, काही महिने संध्याकाळी, आणि मधे काही दिवस दिसतच नाही. मुकादम मात्र रोज ठरल्या वेळेलाच हाक मारतो.

माझ्या नणंदेची गोष्ट सांगते. मागच्या हंगामात तिनं निघताना एका स्टँडवर दीडशे रुपयांचं घड्याळ घेतलं. पहाटे तीनचा गजर लावला. पहिल्याच आठवड्यात गजर वाजला नाही. टोळी फडात गेली, हिची भाकरी चुलीवरच. त्या दिवसाचा खाडा पडला, वर बोलणी खाल्ली. ती घड्याळाला शिव्या देत राहिली. फाल्गुनात धुणं धुताना त्यात पाणी गेलं आणि ते कायमचं बंद पडलं.

यंदा भाऊबीजेला ती आली तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, ओवाळणीत साडी नको, घड्याळ घेऊ. मलाही एक घ्यायचंय." मी शाळेत खिचडी शिजवते. दोघी बाजारात गेलो. दुकानदारानं काउंटरवर दोन घड्याळं ठेवली. दोन्ही एकाच कंपनीची, कॅसिओची. दोन्ही काळी, चौकोनी, आकड्यांची, रबरासारख्या पट्ट्याची. दोन्हींत गजर, दोन्हींत तारीख, दोन्हींत बत्ती. एकाचं नाव एफ-९१ डब्ल्यू, दुसऱ्याचं डब्ल्यू-८०० एच. किंमत मात्र वेगळी. नणंद म्हणाली, "वहिनी, एकसारखीच तर आहेत. मग जास्तीचे पैसे कशाचे?"

हाच प्रश्न विचारायचा असतो, मैत्रिणींनो. जास्तीचे पैसे कशाचे, आणि ते माझ्या कामाचं आहे का? डब्यावरची माहिती माझ्या लेकीनं वाचून दाखवली आणि आम्ही एकेक गोष्ट पडताळली.

पहिली गोष्ट पाण्याची. एफ-९१ डब्ल्यूवर इंग्रजीत नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पावसाचे शिंतोडे, हातावरचं पाणी, घाम एवढं चालतं. पाण्यात बुडवायचं नाही. डब्ल्यू-८०० एचवर शंभर मीटर लिहिलेलं असतं. म्हणजे शंभर मीटर खोल विहिरीत उतरा असं नव्हे. तो कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. साधा हिशेब असा: तीस मीटर म्हणजे शिंतोडे, पन्नास मीटर म्हणजे पाण्यात हात घालायला आणि पोहायला चालतं, शंभर मीटर म्हणजे धुणीभांडी, विहीर, कालवा, सगळं निर्धास्त. पण कोणतंही घड्याळ पाण्यात असताना त्याची बटणं दाबू नका. पाणी आत जायला तीच वाट असते.

दुसरी गोष्ट बत्तीची. दुकानात लखलखीत उजेड असतो, तिथं सगळीच घड्याळं छान दिसतात. आम्ही काय केलं, घड्याळ पदराखाली घेतलं, डोकंही पदरात घातलं आणि बत्ती दाबली. दुकानदार हसला, हसू दे. एफ-९१ डब्ल्यूची बत्ती बारीक, हिरवी आणि डाव्या अंगाला आहे. तास चांगला दिसतो, मिनिटं डोळे ताणून बघावी लागतात. दुसऱ्याचा उजेड आम्हाला बरा वाटला. तुम्हीही हीच परीक्षा करा. तिला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट बॅटरीची. कंपनी एफ-९१ डब्ल्यूची बॅटरी साधारण सात वर्षं सांगते, डब्ल्यू-८०० एचची दहा वर्षं. बत्ती आणि गजर जास्त वापरला की ही वर्षं कमी होतात. बॅटरी बदलताना मागचं झाकण उघडतात. आत एक बारीक रबरी कडी असते, पाणी अडवणारी. ती नीट बसली नाही तर शंभर मीटरचं घड्याळही पहिल्या पावसात जातं. म्हणून कारागिराला सांगायचं, "दादा, कडी बघून बसवा."

चौथी गोष्ट हाताची. एफ-९१ डब्ल्यू साडेआठ मिलिमीटर जाड, वजन अवघं एकवीस ग्रॅम. बांगड्यांच्या मागं ते लपून जातं. दुसरं बरंच जाड आहे. बांगड्यांवर आपटतं, आणि पाचटात हात घालताना अडकेल का हेही बघायला हवं. घड्याळ हातात घालून मूठ आवळा, मनगट वाकवा, कोयता धरल्यासारखा हात फिरवा. मग ठरवा.

पाचवी गोष्ट तारखेची. एफ-९१ डब्ल्यू फेब्रुवारी नेहमी अठ्ठावीसचाच धरतं. एकोणतीस दिवसांचा फेब्रुवारी आला, म्हणजे आता २०२८ साली, की तारीख हातानं दुरुस्त करावी लागेल. दुसऱ्याला वर्ष कळतं, ते आपलं आपण बदलतं. त्यात गजर ठरावीक तारखेलाही लावता येतो. दर महिन्याच्या पाच तारखेला गटाची बैठक असेल तर तसा लावता येतो. पण लक्षात ठेवा, गजर दोन्हींत एकच आहे. बैठकीचा लावला तर पहाटेचा राहिला.

सहावी गोष्ट, दुसऱ्या घड्याळात दोन गावांच्या वेळा ठेवता येतात. दुकानदार हे फार कौतुकानं सांगत होता. ज्यांचं माणूस आखाती देशात कामाला आहे त्यांना ते सोयीचं, यात शंका नाही. पण त्याच्यासाठीच जास्त पैसे देऊ नका, कारण हा हिशेब तोंडीही होतो. सौदी, कुवेत, कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागं. दुबई दीड तास मागं. सौदीत संध्याकाळी सहाला काम सुटलं तर आपल्याकडं रात्रीचे साडेआठ झालेले असतात. एकदा पाठ केलं की झालं.

आता पैशाचा हिशेब. किमती दुकानागणिक आणि दिवसागणिक बदलतात, म्हणून समजुतीपुरता आकडा घेऊ. समजा एक अकराशेचं, बॅटरी सात वर्षांची. म्हणजे वर्षाला साधारण एकशे सत्तावन्न रुपये. दुसरं समजा एकोणीसशेचं, बॅटरी दहा वर्षांची. वर्षाला एकशे नव्वद. आणि स्टँडवरचं दीडशेचं, एका हंगामात संपलेलं, वर्षाला दीडशे. काउंटरवर आठशे रुपयांचा दिसणारा फरक वर्षाला तेहतीस रुपयांवर आला. पण हेही खरं की आठशे रुपये आजच द्यायचे असतात, तेहतीस-तेहतीस करून नाही. म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी करा.

मग आम्ही काय घेतलं? नणंदेनं एफ-९१ डब्ल्यू घेतलं. तिला हवा होता पहाटेचा गजर आणि हाताला न अडणारं हलकं घड्याळ. धुणं धुताना ते काढून कमरेच्या पिशवीत ठेवायचं तिनं ठरवलं. मिनिटं अंधारात पुसट दिसली तरी तास दिसतो, आणि उठवायला गजर आहे. मी डब्ल्यू-८०० एच घेतलं, कारण माझे हात दिवसभर तांदळाच्या नाहीतर भांड्यांच्या पाण्यात. काढत-घालत बसले तर दोन दिवसांत हरवेन. घड्याळं जवळजवळ एकसारखी, पण आमचे दिवस एकसारखे नाहीत. म्हणून तुमच्या मैत्रिणीनं काय घेतलं ते विचारा जरूर, पण तेच घेऊ नका. आधी आपला दिवस मांडा: कधी उठते, हात कशात असतात, अंधारात किती वेळा वेळ बघावी लागते.

पैसे देण्याआधी आणखी तीन कामं करा.

एक, घड्याळ अस्सल आहे का बघा. एफ-९१ डब्ल्यू १९८९ पासून बाजारात आहे आणि त्याच्या नकला पुष्कळ निघाल्या आहेत. उजवीकडचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कॅसिओ ही अक्षरं उमटतात. उमटली नाहीत तर घेऊ नका. आता काही नकलाही ही अक्षरं दाखवतात, म्हणून नुसत्या त्यावर विसंबू नका. माहितीच्या दुकानातून, बिल घेऊनच घ्या.

दोन, बिल आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्या. डब्यावरच्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्याच्यावर एक रुपयाही मागता येत नाही. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण बिल नसेल तर आपली बाजू लंगडी पडते.

तीन, गजर दुकानातच लावून, वाजवून बघा. इथंच मला मागच्या वर्षीचं कोडं सुटलं. दुकानदार नव्या घड्याळात तीनचा गजर लावत होता आणि म्हणाला, "ताई, पहाटेचे तीन की दुपारचे?" बारा तासांच्या घड्याळात आकड्याशेजारी इंग्रजी ए किंवा पी येतं, काहींत नुसती पीची खूण असते. ए म्हणजे मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत, पी म्हणजे दुपारी बारापासून पुढं. नणंद माझ्याकडं बघतच राहिली. मागच्या वर्षी तिनं पी ठेवला होता! ते बिचारं दीडशेचं घड्याळ रोज दुपारी तीनला वाजत होतं, आणि भर फडात कोयत्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? खाडा घड्याळामुळं पडला नव्हता. ते कसं लावायचं हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही, म्हणून पडला.

यावर सोपा उपाय आहे. एफ-९१ डब्ल्यूमध्ये नेहमीची वेळ दिसत असताना उजवं बटण एकदा दाबलं की चोवीस तासांची वेळ येते, आपल्या एसटीच्या वेळापत्रकासारखी. पहाटेचे तीन म्हणजे तीन, दुपारचे तीन म्हणजे पंधरा. मग घोळच नाही. गजर चालू असल्याची खूण पडद्यावर दिसते का, तेही रोज झोपताना बघा. आणि गजर फार मोठा नसतो, वीसेक सेकंद पिकपिक करून थांबतो. घड्याळ पायथ्याशी नको, उशाशी, कानाजवळ ठेवा.

विचारायला लाजू नका. दोनदा विचारा, तीनदा विचारा. पैसे आपले आहेत.

परवा नणंदेचा फोन आला, मालकाच्या फोनवरून. म्हणाली, "वहिनी, आता टोळीतल्या चार कोप्या माझ्या घड्याळावर उठतात." पहाटे तीनला ती उठते आणि बाकीच्यांना हाक मारते. यंदा अजून तिचा एकही खाडा पडलेला नाही.

तुमच्या गटातून यंदा कुणी हंगामाला निघणार असेल तर तिला एवढं नक्की सांगा. गजर लावून, वाजवून, मगच गाडीत बसायचं.