जुनी मोटार घेण्यापूर्वी

बैलबाजारात बैल पसंत करणारा शेतकरी मालकाच्या बोलण्यावर विसंबत नाही. तो प्रथम बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, खांद्यावरचा जोखडाचा वण चाचपतो आणि मग जनावराला चार पावले चालवून बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती ही वयाची गणना मालकाला बदलता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. हाच चोखंदळपणा जुनी मोटार घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाच्या ठिकाणी पुष्कळदा आढळत नाही. रंगाची चकाकी आणि मीटरवरचा आकडा पाहून तो इसार देऊन मोकळा होतो. कित्येक वर्षांच्या काटकसरीतून साठलेली रक्कम अशी एका संध्याकाळी हातातून जाते.

मीटरवरचा आकडा म्हणजे विकणाऱ्याचे एक विधान आहे, एवढेच. पूर्वीच्या मोटारींतील आकड्यांची चाके मागे फिरवण्यास निदान थोडे कसब लागे. आताच्या विजेच्या मीटरमधील आकडा एका छोट्या उपकरणाच्या साहाय्याने काही मिनिटांत बदलता येतो. म्हणून या विधानाला इतर साक्षीदारांची पुष्टी मिळते की नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते. क्लच आणि ब्रेक यांच्या पायदांड्यांवरील रबर गुळगुळीत झाले असेल, चालकाच्या बैठकीची दाराकडील कड दबली असेल, सुकाणूचक्राचे कातडे हाताने घासून चकाकत असेल, आणि मीटर मात्र पंचवीस हजार किलोमीटर सांगत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे बोलत आहे हे उघड होते.

टायर हाही असाच एक निःस्पृह साक्षीदार आहे. त्याच्या बाजूवर चार अंकांचा एक ठसा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. गाडी २०१९ सालची, मीटर वीस हजारांवर आणि चारही टायर २०२३ सालचे, असा प्रकार दिसला म्हणजे पहिले टायर एवढ्या लवकर का बदलावे लागले, असा प्रश्न सरळ विचारावा. खिडक्यांच्या काचांवरही निर्मात्याची खूण असते. पाच काचा एका खुणेच्या आणि सहावी निराळी असेल, तर ती काच केव्हा आणि कशाने फुटली याची हकीकत ऐकावी. गाडी अधिकृत दुरुस्तिकेंद्रात जात असेल, तर प्रत्येक खेपेचे किलोमीटर तेथे नोंदलेले असतात. ती नोंद मालकाकडून मागून घ्यावी. ‘फक्त डॉक्टरांनी वापरलेली गाडी’ हे वाक्य जाहिरातींत इतक्या वेळा येते, की आपल्याकडील सारे डॉक्टर सतत मोटारी विकत असावेत असे वाटावे! नोंदवहीत मात्र डॉक्टरही असतो आणि किलोमीटरही.

विम्याच्या कागदाकडे बहुतेक जण केवळ मुदत पाहण्यापुरतेच वळतात. खरे पाहता अपघाताचा इतिहास तेथे एका ओळीत लिहिलेला असतो. विम्याची मागणी न करणाऱ्या मालकाला हप्त्यात सवलत मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. पहिल्या निर्वेध वर्षानंतर ती २० टक्के असते, पुढे २५, ३५, ४५ अशी चढत जाऊन पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांवर स्थिरावते. ‘गाडीला कधी ओरखडाही आला नाही’ असे मालक म्हणत असेल आणि चार वर्षांच्या गाडीच्या चालू विमापत्रात हा आकडा शून्य असेल, तर सरत्या वर्षात भरपाई घेतली गेली असण्याचा संभव मोठा आहे. विमा नव्वद दिवसांहून अधिक काळ खंडित झाल्यास, अथवा गाडीचा मालक नुकताच बदलला असल्यासही शून्य येते. तथापि या गोष्टीही घेणाऱ्याला कळावयास हव्यातच.

पुरात बुडालेल्या गाडीचा प्रश्न याहून गंभीर होय. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने वडोदऱ्यात असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किंमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते; परंतु अशी गाडी भंगारातून बाहेर येऊन, धुऊनपुसून, पुराची आठवण नसलेल्या दूरच्या गावी विक्रीस उभी राहू शकते. इंजिन सुधारता येते, पण गालिच्याखालून जाणाऱ्या तारांच्या जोडांवर चढणारा हिरवा गंज आतल्या आत वाढत राहतो. पुढे वर्षसहा महिन्यांनी दिवे विझतात, हवेच्या सुरक्षापिशव्या ऐन वेळी दगा देतात. अशा गाडीची परीक्षा करण्यासाठी सुरक्षापट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ उमटलेली असेल, तर तेवढे पाणी गाडीत आले होते. बैठकीखालचे बोल्ट गंजले आहेत काय, जादा चाकाच्या खळग्यात बारीक माती आहे काय, हेही पाहावे. अत्तराचा भडक वास येत असेल, तर तो कशासाठी मारला आहे हे शोधावे.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. मालकाने गाडी आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. निळसर धूर तेल जळत असल्याचा, काळा धूर इंधन अपुरे जळत असल्याचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर पाणी आत शिरत असल्याचा निदर्शक असतो. क्लच सपाट रस्त्यावर कळत नाही. बेळगावच्या माणसाने गाडी चोर्ल्याच्या घाटात न्यावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल, तर क्लच संपला आहे. ठोकलेल्या गाडीचे पत्रे नव्याने रंगवता येतात, परंतु दाराचे रबर किंचित ओढले असता कारखान्यातील वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. ते पुसले गेले असतील, तर सांगाडाच दुरुस्त झालेला आहे.

आता कागद. महाराष्ट्राच्या सीमेवर व सीमेपलीकडे वसलेल्या मराठी कुटुंबांना खरा फटका बसतो तो येथे. भाऊ पुण्यास, बहीण मडगावास आणि आपण इंदुरास, अशा घरांत मोटारही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते. परंतु रस्त्याचा कर प्रत्येक राज्याचा निराळा. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना क्रमांक २८, लागतो. नव्या राज्याचा कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून परतावा मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. गोव्यात स्वस्त वाटलेली गाडी बेळगावात महाग पडते ती अशी. भाव ठरवण्याआधी हा हिशेब आपल्या परिवहन कार्यालयात करून घ्यावा. गोव्याच्या गाडीची आणखी एक चौकशी करावी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे लावून ती पर्यटकांना भाड्याने दिली जात होती काय? अशा गाडीला शेकडो हातांची सवय झालेली असते.

नोंदणीपत्रावरील सांगाड्याचा सतरा अक्षरांचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी एकेक अक्षर लावून पाहावा. या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण एक व शून्य यांच्याशी त्यांचा घोटाळा होतो. कोरलेल्या जागी घासल्याची खूण वा ताजा रंग दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. बँकेचा बोजा नोंदणीपत्रावर असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र पुरे होत नाही. नमुना क्रमांक ३५ देऊन तो बोजा नोंदीतून उतरलेला असला पाहिजे. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकाचा अनुक्रम, विमा, बोजा आणि थकलेले दंड पडताळता येतात.

पैसे दिले, किल्ली घेतली, म्हणजे गाडी आपली झाली अशी समजूत सार्वत्रिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात, गाडी अनेक हातांतून गेली असूनही, नोंदणीत ज्याचे नाव राहिले त्या पहिल्या मालकालाच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरले. हा धोका विकणाऱ्याचा. विमा जुन्या नावावर राहिला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाते, हा धोका घेणाऱ्याचा. यास्तव नमुना २९ व ३० वर सह्या झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडाही लिहून घ्यावा. त्या मिनिटापूर्वीचा दंड जुन्या मालकाचा, नंतरचा नव्याचा. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी आपल्या नावावर करण्यासाठी आणि चौदा दिवसांच्या आत विमा बदलण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. बोनसची सवलत गाडीची नसून माणसाची असल्यामुळे ती विकणाऱ्याबरोबर जाते व उरलेल्या मुदतीचा फरक विमा कंपनी नव्या मालकाकडून वसूल करते. ही रक्कम किती होईल, हे सौदा चालू असतानाच विचारून भावातून वजा करून घेता येते.