दुसऱ्यांदा वापरायचे पाणी

समुद्राचे खारे पाणी गोडे करावे आणि एकदा वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणावे, या दोन उपायांचा जगभर पुरस्कार करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. 1973 मध्ये स्थापन झालेली ही ना-नफा संस्था अनेक दशके केवळ निःक्षारीकरणाच्या नावाने ओळखली जात होती. अलीकडच्या वर्षांत तिने आपल्या नावात ‘पुनर्वापर’ हा शब्द जोडून घेतला. शास्त्रज्ञ व अभियंते यांच्याबरोबर यंत्रसामग्रीचे उत्पादकही तिचे सभासद आहेत. तेव्हा तिच्या उत्साहातील व्यापाराचा अंश वजा करूनच तिचे म्हणणे ऐकले पाहिजे. तरीही नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे. ज्यांनी सारी हयात समुद्राकडे पाहण्यात घालवली, त्यांनाही अखेर गावातल्या गटाराकडे वळून पाहावेसे वाटले, हा त्याचा सरळ अर्थ.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना या बदलाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. एके काळी समुद्रमार्गे आलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येत असे. पाणी मात्र त्या वाटेने येणार नाही. समुद्राचे एक हजार लिटर पाणी गोडे करण्यास आजच्या उत्तम यंत्रांनाही सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते. ते पाणी सुमारे सातशे मीटर उंचीवरील जुन्नरला चढवावयाचे, तर पंपातील घट धरून आणखी अडीच युनिट तरी हवीत. मुंबईने मनोरी येथे रोज 20 कोटी लिटरचा निःक्षारीकरण प्रकल्प योजला, त्याचे समर्थन करता येईल. कारण मुंबईच्या दाराशी समुद्र आहे. घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला तो मार्ग मोकळा नाही. त्याच्यासाठी त्या संघटनेच्या नावातील दुसराच शब्द कामाचा आहे.

या दोन तालुक्यांना पाण्याचे दरिद्री म्हणता येत नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे येथेच आहेत आणि त्यांचा उपयुक्त साठा सुमारे 30 टीएमसी, म्हणजे 30 अब्ज घनफूट, आहे. पण हे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जावयाचे असल्याने त्याच्या वाटपाचा तंटा कधी मिटलेला नाही. डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहकडे न्यावे की न न्यावे, यावर राजकारण तापते. दुसरीकडे आणे पठार आणि लोणी-धामणीचा पट्टा कालव्याच्या पातळीपेक्षा उंच असल्याने तहानलेलाच राहतो. ज्या आदिवासींची गावे डिंभ्याच्या पाण्याखाली गेली, त्यांच्या डोंगरवाड्यांना पावसाळ्यात धो धो पाऊस झेलूनही उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. एवढे भांडण चालते ते सारे धरणातून प्रथम सुटणाऱ्या पाण्याबद्दल. तेच पाणी एकदा वापरून झाले की त्याला वाली उरत नाही.

या बेवारशी पाण्याचा हिशेब मांडून पाहावा. पंचवीस हजार वस्तीच्या गावात, म्हणजे जुन्नरएवढ्या शहरात, माणशी शंभर लिटर पाणी दिले, तर त्यातील सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. रोजचे हे 20 लाख लिटर झाले. वर्षाचे 73 कोटी लिटर. कुकडीच्या साठ्यापुढे हा आकडा हजारात एकही भरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यावर उसाचे मळे पिकवण्याची स्वप्ने कोणी पाहू नयेत. परंतु हेक्टरी साठ लाख लिटर धरले, तर ठिबक सिंचनाने एवढ्याच पाण्यावर सुमारे 120 हेक्टर फुले, चारा किंवा फळबाग उभी राहू शकते. आणि पाऊस पडो वा न पडो, हे पाणी रोज येतेच. दुष्काळी वर्षात शेतकऱ्याला अशा भरवशाचे मोल विचारून पाहावे.

याहून मोठा आकडा साखर कारखान्यात दडलेला आहे. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणीच असते. रोज 5,000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर 35 लाख लिटर पाणी येते. बगॅसमधील ओलावा वगळला तरी 25 लाखांहून अधिक लिटर रस आटवताना वाफेच्या रूपाने निघते. ही वाफ थंड करून जपली, तर कारखान्याची गरज पुष्कळशी उसातल्याच पाण्यावर भागते आणि तेवढा नदीवरचा भार उतरतो. जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. सभासद उसाच्या दराचा हिशेब मागतात, तसा प्रत्येक टनामागे नदीतून किती पाणी उचलले, याचाही वार्षिक सभेत मागावा.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. किनाऱ्यावरचे शहर सांडपाणी समुद्रात सोडते, म्हणून तेथे पुनर्वापर केला की खरोखर नवे पाणी मिळते. आपले सांडपाणी मात्र कुकडी, मीना, घोड या नद्यांतून भीमेला आणि पुढे उजनीला जाते. ते आपण अडवले, तर खालच्याचा वाटा कमी होणार नाही काय? आक्षेप खरा आहे. पण खालच्या गावाला आज आपण जे पाठवतो ते घाण मिसळलेले पाणी आहे, हेही तितकेच खरे. म्हणून शुद्धीकरण हे आधी खालच्या गावांबाबतचे आपले कर्तव्य आहे. पुनर्वापराचा लाभ त्यानंतर. शिवाय हे पाणी शेतीला दिले, तर तेवढे कालव्याचे पाणी त्या शेताच्या वाट्यातून वजा झाले पाहिजे. तसे न करता नवे क्षेत्र भिजवले, तर पुनर्वापराच्या नावाखाली वरच्याने खालच्याचे पाणी पळवल्यासारखेच होईल.

पुण्याचा अनुभव समोर आहे. मुंढव्याला नदीतून पाणी उचलून ते जुन्या बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला, वर्षाला साडेसहा टीएमसीपर्यंत, द्यावयाचे ठरले. कल्पना योग्य होती. परंतु शहराचे सारे सांडपाणी आधी शुद्ध होत नसल्याने कालव्यात काय येते याविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी राहिल्या. याउलट नागपुरात रोज 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची व्यवस्था झाली. तेथे पाणी कोणाला, कोणत्या प्रतीचे आणि कोणत्या मोबदल्यात द्यायचे, हे करारानेच ठरले. नामिबियाची राजधानी विंडहूक तर 1968 पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते. तेव्हा विज्ञान अडून राहिलेले नाही. कमतरता आहे ती रोजच्या तपासणीच्या शिस्तीची.

मग या दोन तालुक्यांत करावे काय? जुन्नर, मंचर, नारायणगाव, घोडेगाव यांसारख्या ठिकाणी सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत जाणार नाही, ही पहिली पायरी. शुद्ध केलेल्या पाण्याची तपासणी होऊन तिचे निकाल महिन्याच्या महिन्याला फलकावर लागावेत आणि त्या पाण्यावर कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या घेऊ नयेत, ही दुसरी. वाचलेल्या धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क पठारावरच्या आणि डोंगरवाड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा राहावा, ही तिसरी. हा हक्क आधीच लिहून ठेवला नाही, तर वाचलेले पाणी पुन्हा उसाकडेच जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. शाळामहाविद्यालयांतील विज्ञानशिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून नदीच्या पाण्याच्या साध्या चाचण्या करवून घेतल्या, तर या कामावर गावचा डोळा राहील.

जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन दानलेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. ज्याने टाके खोदवून दिले, त्याचे नाव दगडावर कोरले गेले. पाण्याची सोय हे पुण्यकर्म मानले जात होते. आजही धरण भरले की जलपूजनाला मान्यवरांची रीघ लागते. सांडपाण्याच्या केंद्रावर नारळ फोडायला मात्र कोणी उत्सुक नसतो, आणि एकदा फोडलाच तर वर्षभराने तेथील पंप चालू आहे की नाही, हे विचारायला कोणी फिरकत नाही. तो प्रश्न नगरपरिषदेच्या आणि ग्रामसभेच्या प्रत्येक बैठकीत विचारला जाऊ लागला, तर या तालुक्यांचा पाणीप्रश्न सुटण्याच्या वाटेला लागला असे म्हणता येईल.