सॉक्रेटिसने काय केलं असतं?

ज्याला उद्याच्या जेवणाची भ्रांत आहे, त्याला नाटक, कविता, तत्त्वज्ञान शिकवायला जावं का? आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. आधी भाकर, मग बाकीचं. त्याला वायरमनचं काम शिकवा, शिवणकाम शिकवा, संगणक शिकवा. प्लेटो आणि सोफोक्लिस त्याच्या काय कामाचे? हे उत्तर एकदम चूक म्हणता येत नाही. पण १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये एका लेखकाने ते तपासून पाहायचं ठरवलं. त्याने जे केलं आणि त्यातून जे निघालं, ते आज आपल्याला सांगायचं आहे.

या लेखकाचं नाव अर्ल शॉरिस. अमेरिकेतल्या गरिबीवर तो एक पुस्तक लिहीत होता आणि त्यासाठी देशभर हिंडून गरीब माणसांशी बोलत होता. हिंडता हिंडता तो न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स इथल्या स्त्रियांच्या तुरुंगात पोहोचला. तिथे शिक्षा भोगत असलेल्या एका बाईला त्याने विचारलं, लोक गरीब का राहतात? ती नोकऱ्यांबद्दल किंवा पैशांबद्दल बोलेल अशी त्याची अपेक्षा असणार. ती म्हणाली, सुरुवात मुलांपासून करायला हवी. शहराच्या सुखवस्तू भागातली माणसं नाटकं पाहतात, संग्रहालयांत जातात, गाणं ऐकतात, व्याख्यानांना बसतात. त्यातून त्यांना जगण्याचा जो विचार मिळतो, तो आमच्या मुलांना मिळाला पाहिजे.

शॉरिस या उत्तरावर बराच काळ विचार करत राहिला. गरिबी म्हणजे नुसती पैशांची चणचण नव्हे, असं त्याचं मत बनत चाललं होतं. गरीब माणसाभोवती एक वेढा पडलेला असतो, असं तो म्हणे. भूक, आजारपण, घरमालकाचा तगादा, पोलिसांचा धाक, वस्तीतली गुंडगिरी, घरातली मारहाण, वर्णद्वेष. चारी बाजूंनी एकामागून एक धक्के येत राहतात. अशा माणसाला थांबायला सवड नसते. धक्का आला की तो सावरतो, पळतो किंवा उलट अंगावर जातो. त्याचं सगळं आयुष्य प्रतिक्रिया देण्यात खर्ची पडतं. या वेढ्यातून बाहेर पडायचं तर आधी क्षणभर थांबून विचार करता आला पाहिजे. आणि तो विचार चारचौघांत मांडता आला पाहिजे, दुसऱ्याचा ऐकता आला पाहिजे. जुन्या ग्रीक नगरांतल्या लोकांनी ‘राजकारण’ म्हटलं ते हेच, असं शॉरिसचं म्हणणं. त्याच्या लेखी राजकारण निवडणुकीपुरतं नव्हतं. घरापासून गल्लीपर्यंत आणि गल्लीपासून देशापर्यंत, सगळ्यांच्या प्रश्नांत भाग घेणं म्हणजे राजकारण.

मग हे शिकवायचं कसं? शॉरिसने ठरवलं, श्रीमंतांच्या मुलांना चांगल्या महाविद्यालयांत जे शिकवतात, तेच शिकवायचं. पातळ करून नाही, सोपं करून नाही. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या नावाचं एक कुटुंब-सल्ला केंद्र होतं. क्लेमेंटे हे पोर्टो रिकोचे नामवंत बेसबॉलपटू. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले असताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाच्या या केंद्राने वर्गासाठी जागा दिली आणि त्यावरूनच हा अभ्यासक्रम ‘क्लेमेंटे कोर्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

प्रवेशाच्या अटी पाहण्यासारख्या होत्या. वय साधारण अठरा ते पस्तीस. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या आसपास. आणि साधं वर्तमानपत्र वाचता येईल इतपत अक्षरओळख. बाकी प्रमाणपत्र, गुणपत्रिका काही नाही. विद्यार्थी गोळा करताना शॉरिस त्यांना सरळच सांगे की तुमची फसवणूक झालेली आहे. श्रीमंतांना हे सगळं शिकायला मिळतं, तुम्हाला मिळालं नाही. नोकरीची हमी त्याने कुणालाही दिली नाही.

विषय पाच होते: नैतिक तत्त्वज्ञान, साहित्य, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि तर्कशास्त्र. वर्ग आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, दिवसभराचं काम आटोपल्यावर. येण्याजाण्याचं भाडं दिलं जाई. पुस्तकं फुकट. वर्गात काहीतरी खायला असे, कारण कामावरून थेट आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी प्लेटो कळणं अवघडच. या तपशिलांना मी मुद्दाम महत्त्व देतो. भाकर आधी की पुस्तक आधी हा वाद शॉरिसने घातलाच नाही. दोन्ही एकाच टेबलावर ठेवली.

शिकवण्याची पद्धत सॉक्रेटिसची, म्हणजे प्रश्नांची. शिक्षकाने तासभर बोलायचं आणि इतरांनी लिहून घ्यायचं, असं नाही. टेबलाभोवती बसायचं, उतारा वाचायचा आणि शिक्षकाने विचारायचं, तुम्हाला काय वाटतं? का वाटतं? तुमचं हे म्हणणं मघाच्या म्हणण्याशी जुळतं का? प्लेटोच्या गुहेची गोष्ट त्यांनी अशीच वाचली. गुहेत जखडलेली माणसं समोरच्या भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात, आणि त्यातला एक जण सुटून उजेडात येतो, अशी ती गोष्ट. सोफोक्लिसचं ‘अँटिगनी’ही वाचलं. राजा क्रेऑनचा हुकूम आहे की देशद्रोही ठरलेल्या भाच्याला मूठमाती द्यायची नाही. त्या मेलेल्या तरुणाची बहीण अँटिगनी हुकूम मोडते आणि भावाला मूठमाती देते. कायदा मोठा की आपलं कर्तव्य? हा प्रश्न प्राध्यापकांच्या चर्चेत येतो तेव्हा तो पुस्तकी वाटतो. पण रोज कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे उभं राहून कुणाचा तरी हुकूम ऐकणाऱ्या माणसाला तो पुस्तकी वाटत नाही. कलेचा इतिहास शिकताना ही मंडळी मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही जाऊन आली. ते संग्रहालय त्यांच्याच शहरातलं.

या वर्गातला एक प्रसंग शॉरिसने सांगितला आहे. एका तरुण विद्यार्थ्याचं कामाच्या ठिकाणी सहकारी बाईशी जोरात बिनसलं. राग इतका अनावर झाला की हात उचलावा असं त्याला वाटलं. मन शांत करायला त्याने ओळखीच्या माणसांना फोन लावले, कुणी भेटलं नाही. तेव्हा त्याने स्वतःलाच विचारलं, सॉक्रेटिसने इथे काय केलं असतं? आणि तो थांबला. एवढीच गोष्ट. पण शॉरिसला जे हवं होतं, ते नेमकं हेच होतं. धक्का आणि प्रतिक्रिया यांच्या मधोमध एक प्रश्न येऊन उभा राहिला.

आता हिशेबाकडे वळू, कारण अशा प्रयोगांची नुसती गोड बाजू सांगणं बरं नाही. तीसएक जणांनी सुरुवात केली, त्यातल्या सोळा जणांनी वर्ष पुरं केलं. म्हणजे जवळपास निम्मे गळाले. वेढा तिथेही उठलेला नव्हता. राहिलेल्यांपैकी चौदा जणांना बार्ड कॉलेजने महाविद्यालयीन श्रेयांक दिले. वर्षभरानंतर त्या सोळांपैकी दहा जण पदवीचं किंवा परिचारिकेचं शिक्षण घेत होते. त्यांतल्या चौघांना बार्डची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली होती. उरलेले दुसरीकडे शिकत होते किंवा पूर्णवेळ नोकरी करत होते. अपवाद एका बाईचा. झटपट खाण्याच्या एका उपाहारगृहातली तिची नोकरी गेली होती, कारण तिथल्या कामगारांची संघटना उभारण्याचा तिने प्रयत्न केला. एखाद्या सरकारी अहवालात ही बाई ‘बेरोजगार’ म्हणून अपयशाच्या रकान्यात गेली असती. मला विचाराल तर अभ्यासक्रमाचा गाभा तिला समजला होता. आणि त्याची किंमतही तिनेच मोजली.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. अभिजात साहित्य म्हणजे कुणाचं? ग्रीकांचंच का? शॉरिसने याचं उत्तर पुढच्या कामातून दिलं. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया लोकांसाठी वर्ग निघाला, तेव्हा तिथे माया भाषा आणि मायांचं स्वतःचं साहित्य शिकवलं गेलं. अलास्कातल्या यूपिक लोकांसाठीही त्यांच्याच परंपरेवर उभा असलेला अभ्यासक्रम झाला. दक्षिण कोरियात सोल शहरात २००५ साली बेघर माणसांसाठी असाच वर्ग सुरू झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात २००३ पासून विद्यापीठाच्या आधाराने ‘ओडिसी’ नावाचा उपक्रम चालू आहे. शॉरिस २०१२ साली वारला. त्याचे वर्ग अमेरिकेतल्या अनेक शहरांत आजही भरतात.

हे सगळं ऐकताना आपल्याला आपली मुळं आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तीही दिवसभराचं काम आटोपल्यावर भरणारी. स्वतः जोतीरावांच्या विचाराला वळण लावणाऱ्या पुस्तकांत थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चं नाव घेतलं जातं. ते पुस्तक त्यांनी नोकरीसाठी वाचलं नव्हतं. आणि गावोगावच्या पारायणांत, कीर्तनांत एकही इयत्ता न शिकलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानेश्वरी ऐकत आली आहेत. गरिबाला अभिजात साहित्य झेपणार नाही, असं म्हणण्याचा अधिकार निदान महाराष्ट्राला नाही.

फरक आहे तो एका गोष्टीत. पारायणात, व्याख्यानात आपण ऐकतो. मध्येच हात वर करून ‘हे मला पटत नाही, का ते सांगतो’ असं म्हणायची सोय तिथे सहसा नसते. आणि जो माणूस दिवसभर ऐकूनच घेतो, त्याला संध्याकाळी पुन्हा ऐकवण्यापेक्षा बोलतं करणं जास्त गरजेचं आहे. त्यासाठी फार मोठं भांडवल लागत नाही. गावातल्या वाचनालयाची एक खोली पुरते. दहा-बारा माणसं, एक चांगलं पुस्तक, येण्याजाण्याचं भाडं, चहा आणि सोबत काहीतरी खायला. आणि उत्तर ठाऊक असूनही आधी प्रश्न विचारणारा एक शिक्षक. यातलं सगळ्यांत अवघड काय, तर हा शेवटचा मिळणं.

आपल्या घरी काम करणाऱ्या बाई, सोसायटीचे वॉचमन, भाजीवाले, रिक्षावाले यांना आपण कधी विचारलं आहे का, की तुम्हाला काय वाचायला आवडेल? मीही विचारलेलं नाही. शॉरिसने तुरुंगातल्या एका बाईला प्रश्न विचारला आणि आलेलं उत्तर मनावर घेतलं. सुरुवात तिथून झाली होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.