ऑल-इन-वन कॉम्प्युटर : मुलांच्या गेमसाठी घ्यावा काय?

सावदा परिसरात केळी कापायला आणि गाड्या भरायला जाणाऱ्या आपल्या घरांतूनही आता कॉम्प्युटर घेण्याची बोलणी होऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांना तो अभ्यासासाठी हवा असतो, आणि खरे बोलायचे तर गेमसाठीही. दुकानात नजरेत भरतो तो ऑल-इन-वन. वायरींचा गुंता नाही, वेगळे कॅबिनेट नाही, एका खोलीच्या घरातही मावतो. पण त्यावर गेम चालतील काय? बचत गटातून उचल घेण्यापूर्वीच हा प्रश्न विचारला पाहिजे.

ऑल-इन-वनमध्ये सारा कॉम्प्युटर पडद्यामागेच बसवलेला असतो. १९९८ साली अ‍ॅपल कंपनीच्या आयमॅकने हा प्रकार जगभर गाजवला. जागा कमी असल्याने आत बहुधा लॅपटॉपच्या धर्तीचे भाग असतात. गेममधील चित्रे भराभर उमटवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. स्वस्त ऑल-इन-वनमध्ये ते वेगळे नसते. प्रोसेसरमधला भागच ते काम करतो आणि रॅममधला वाटाही घेतो. बुद्धिबळ, माइनक्राफ्ट, किंवा चित्रांचा दर्जा कमी ठेवून व्हॅलोरंट यावर निभावते. पण सायबरपंक २०७७ सारख्या गेमला किमान ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि १२ जीबी रॅम लागते. तेथे त्याचे काही चालत नाही.

दुसरी अडचण उन्हाची. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गेम चालू असताना मशीन तापते. चपट्या खोक्यात हवा खेळायला जागा कमी. मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. पत्र्याच्या घरात हा त्रास अधिक.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. यात पुढे ग्राफिक्स कार्ड टाकता येत नाही, आणि पडदा फुटला की कॉम्प्युटरच अडतो. साध्या कॅबिनेटच्या कॉम्प्युटरचे तसे नाही. आज अभ्यासापुरता घ्यावा. हाती पैसा आला की कार्ड बसवावे. मात्र त्याचा एसएमपीएस तेवढ्या ताकदीचा आहे ना, हे आधीच पाहावे.

केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. दुकानातही तेच करावे. ग्राफिक्स कार्ड वेगळे आहे काय? रॅम वाढवता येते काय? एसएसडी आहे काय? बिघडल्यास दुरुस्ती भुसावळ-जळगावला होईल की मशीन दूर पाठवावे लागेल? जमल्यास मुलाच्या पसंतीचा गेम तेथेच अर्धा तास चालवून पाहावा. जुने मशीन घेत असाल, तर विंडोज ११ चालते याची खात्री करा, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला.

आमचे मत स्पष्ट आहे. अभ्यास, हिशेब, ऑनलाइन अर्ज आणि हलके गेम एवढेच काम असेल, तर ऑल-इन-वन चालेल. मोठे गेम खेळायचे असतील, तर त्याच पैशात कॅबिनेटचाच घ्यावा.

खेळ हा गुन्हा नव्हे, पण पैसे लावून खेळणे घर बुडवते. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. पालकांनी मुलांना हे समजावून सांगावे. आणि घरात कॉम्प्युटर आला की मुलाइतकाच वेळ मुलीलाही त्यावर बसू द्यावे. पैसा दोघांच्याही भविष्यासाठी घातलेला असतो.