खांबांमधली फट

2003 च्या सुमारास मी आलेख शिकवायला लागलो, तेव्हा माझं साहित्य म्हणजे रंगीत खडू, लाकडी पट्टी आणि फळ्याच्या एका बाजूला कायमच्या आखून ठेवलेल्या चौकटी. 10–19, 20–29 असे वर्ग आधी 9.5–19.5 असे सलग करून घ्यायचे, प्रमाण लिहायचं, मग आयत उभे करायचे. घंटा व्हायची तेव्हा आयतालेख जेमतेम पुरा झालेला असे. तो सांगतो काय, हे विचारायला वेळच उरत नसे.

पुढे शाळेत संगणक आले. स्प्रेडशीटमध्ये आकडे भरले की आलेख तयार! पोरं हरखली. पण त्या आलेखाच्या खांबांमध्ये फट असायची. फट ठेवली की तो झाला स्तंभालेख. आयतालेखात आयत एकमेकांना चिकटलेलेच हवेत, कारण एक वर्ग संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. फट शून्य करायची सोय मेनूत कुठेतरी खोल दडलेली. ती शोधून देईपर्यंत निम्म्या वर्गाने वृत्तालेखाला त्रिमितीची जाडी देऊन टाकलेली असे आणि पुढचा तुकडा उगाचच मोठा दिसायला लागलेला.

मग आलं जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये मार्कस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आमच्या वर्गात पोचायला बारा-तेरा वर्षं लागली, तेही इंटरॅक्टिव्ह बोर्ड आल्यावर. बोर्डाचे नखरे वेगळेच: पेन टेकवावं एकीकडे, रेघ उमटावी दुसरीकडे. वीज गेली की पुन्हा खडू.

एकदा दहावीच्या चाळीस मुलांना विचारलं, घरून शाळेत यायला किती वेळ लागतो? वर्गांतर वीस मिनिटांचं घेतलं तर दोनच आयत, 22 आणि 18. त्यातून काही कळेना. मग जिओजेब्रातला स्लायडर ओढत वर्गांतर पाचवर आणलं. डावीकडे एक टेकडी उठली, उजवीकडे दुसरी, आणि 15 ते 25 मिनिटांच्या जागी काहीच नाही. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, डावीकडचे गावातले, पायी येणारे. उजवीकडे आम्ही एसटीवाले. मधे नुसता माळ आहे."

ही फट खरी होती.

2020 मध्ये शाळा बंद पडली. तास फोनवर आले, पण वाड्यांवर रेंज नव्हती. त्या महिन्यांच्या हजेरीतही माळाच्या अलीकडचे आणि पलीकडचे वेगळे पडले.

बोर्डाच्या परीक्षेत आजही आलेख पेन्सिलनेच काढायचा असतो, वर्गही छापूनच येतात. म्हणून एक आलेख हाताने काढून घेतल्याशिवाय मी स्लायडरला हात लावू देत नाही. मात्र वर्गांतर मुलांनी ठरवायचं, आणि तेच का, हे एका ओळीत लिहायचं. उरलेला तास त्या एका ओळीवरून भांडण्यात जातो.