पेर लावाल यांची समाधी

पोर्ट लुईस शहराच्या कडेला सेंत-क्र्वा नावाची गरिबांची वस्ती आहे. तेथील चर्चजवळ पेर लावाल यांची समाधी आहे.

पेर लावाल मूळचे फ्रान्सचे. ते आधी डॉक्टर होते, मग धर्मगुरू झाले. १८४१ साली ते मॉरिशसला आले. गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली होती. पण सुटलेल्या लोकांजवळ ना जमीन होती, ना पैसा. मालकाची फ्रेंच भाषाही त्यांना परकीच वाटे. म्हणून लावाल स्वतः क्रेओल शिकले. दिवसभराचे काम आटोपून लोक संध्याकाळी त्यांच्याकडे येत. जे शिकले, ते शेजाऱ्यांना शिकवू लागले, आजाऱ्यांची विचारपूस करू लागले. गावोगावी लहान प्रार्थनाघरे उभी राहिली.

९ सप्टेंबर १८६४ रोजी लावाल वारले. त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या रात्री दूरदूरचे लोक सेंत-क्र्वाला चालत येतात. महाशिवरात्रीला आपण गंगा तलावाला जातो, तसेच! त्यांत ख्रिस्ती असतात, हिंदू, मुसलमान आणि चिनीही असतात. कोणी फुले वाहतो, कोणी मेणबत्ती लावतो. समाधीला हात लावण्यासाठी मात्र सर्वांना एकाच रांगेत उभे राहावे लागते.